जुन्या दुनळीची निगा

घरातल्या कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेली जुनी दुनळी बंदूक हाती घेतली, की तिच्या वजनावरून ती एक अभंग वस्तू आहे असा भास होतो. दस्ता लाकडाचा, म्हणून तो जपावयाचा. कळ नाजूक, म्हणून तिला हात लावावयाचा नाही. नळ्या मात्र लोखंडाच्या, त्यांना काय होणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट आहे. चांगल्या जुन्या दुनळीच्या नळीची भिंत तोंडाकडच्या भागात पुष्कळदा अवघी २५ ते ३० सहस्रांश इंच जाडीची असते. तीन पोस्टकार्डे एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल, जवळजवळ तेवढीच. अशा दोन पातळ नळ्या एकमेकींना जोडून ठेवणारा धातूही पोलाद नव्हे, तर बव्हंशी कथील. म्हणजे जी वस्तू दिसावयास सर्वांत दणकट, तीच या हत्यारातील सर्वांत हळवी वस्तू आहे.

ही जोडी हातात कशी धरावी, कशात पकडू नये, कशाने धुवावी आणि कशाने पुसावी, यांविषयीचे नियम जुन्या शिकाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या तोंडी असत. ते वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांतला एकही नियम लहरीतून निघालेला नाही. नळी कशी घडली, कशाने सांधली गेली आणि तिच्यातून कोणती दारू उडाली, या तीन गोष्टींच्या इतिहासातून ते निघाले आहेत. हा इतिहास ज्याला ठाऊक नाही, तो माणूस स्वच्छतेच्या भरात एका दुपारी शंभर वर्षांच्या वस्तूचा नाश करू शकतो. आणि कधी कधी स्वतःचा हातही गमावू शकतो.

नळीला पीळ देण्याची विद्या या देशाला परकी नव्हती. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बादशहाच्या तोड्याच्या बंदुकांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. लोखंड ठोकून सपाट करावयाचे, मग ते तिरके गुंडाळीत जाऊन त्याची वळी एकमेकींवर चढवावयाची आणि हळूहळू तापवून ती सांधावयाची, अशी रीत त्यात सांगितली आहे. कडेला कड टेकवून सांधलेली नळी त्या सांध्यावर फाटण्याचा धोका असे. वळ्यावर वळे चढविल्याने हा सांधा तिरका झाला आणि दारूचा जोर सर्व अंगावर वाटला गेला. पूर्वी नळीत चौथ्या हिश्श्याहून अधिक दारू भरण्याची सोय नव्हती, नव्या नळ्या तोंडापर्यंत भरल्या तरी फुटत नाहीत, असेही अबुल फझल अभिमानाने नोंदवितो. अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव ‘संग्राम’ होते.

याच ग्रंथात नळ्या साफ करण्याविषयीही एक लहानसे प्रकरण आहे. त्याआधी बलदंड माणसांना लोखंडी अवजारे घेऊन एकेका नळीवर दीर्घकाळ खपावे लागे. अकबराने त्यासाठी एक चाक योजिले. ते गाईच्या बळावर फिरे आणि त्याच्या योगाने सोळा नळ्या थोड्या वेळात साफ होत. येथे साफ करणे म्हणजे नळीचा आतला भाग घासून एकसारखा गुळगुळीत करणे, असाच अर्थ घ्यावा लागतो. त्या चाकात एक मर्म आहे. हाताने घासताना जोर एकीकडे कमी, एकीकडे अधिक पडतो. नळी कलते, अवजार एका बाजूस खाते. नळी स्थिर धरणे आणि अवजार सरळ फिरविणे, हाच त्या यंत्राचा खरा लाभ होता. सफाईचा प्रश्न हा आधी धरण्याचा प्रश्न आहे, हे सोळाव्या शतकातच येथे उमगले होते.

दोन नळ्यांची, खांद्यावर सहज वागविता येणारी शिकारी बंदूक मात्र पुढे इंग्लंडात आणि युरोपात परिपूर्ण झाली. अठराव्या शतकात चकमकीच्या बंदुकीची नळी लांबलचक असे, कारण दारू सावकाश पेटे. लंडनच्या हेन्री नॉकने १७८७ मध्ये नळीच्या बुडाची एक नवी रचना नोंदविली. तिच्यामुळे दारू अधिक वेगाने पेटू लागली आणि आखूड नळीतही पुरेसा जोर मिळू लागला. नळी आखूड झाली म्हणून हलकी झाली आणि हलकी झाली म्हणून दोन नळ्या शेजारी शेजारी बसविणे शक्य झाले. जोसेफ मँटन या विख्यात कारागिराने त्या बंदुकीला डौल दिला. दोन नळ्यांमधील वरच्या पट्टीला उंची देण्याची त्याची योजना १८०६ ची आहे. आजही दुनळीकडे पाहिले की जे रूप डोळ्यांपुढे येते, ते याच काळात ठरले.

या जोडीची रचना नीट ध्यानात घेतली पाहिजे. नळी बुडाशी जाड आणि तोंडाशी पातळ असते, कारण स्फोटाचा जोर बुडाशी सर्वाधिक असतो. अशा दोन निमुळत्या नळ्या एकमेकींना लावल्या, की त्यांची छिद्रे समांतर न राहता पुढे जवळ येत जातात. कारागीर हे अभिसरण जाणूनबुजून जुळवितो, जेणेकरून दोन्ही नळ्यांचे छर्रे सुमारे ४० यार्डांवर एकाच जागी पडावेत. बुडाशी नळ्या व त्यांखालचा ठोकळा पितळी झाळाने पक्के सांधतात. या कामाला लालभडक ताप लागतो. उरलेली सर्व लांबी, तसेच वरची आणि खालची पट्टी, कथलाच्या डाखाने जोडतात. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते; त्यात शिसे योग्य प्रमाणात मिसळले तर १८३ अंशांनाच. एवढी मंद उष्णता वापरण्यामागे हेतू असा, की पातळ नळ्या तापून वाकू नयेत. म्हणजे चार निरनिराळ्या पट्ट्या-नळ्यांचे हे कुटुंब एका अतिशय नरम बंधनाने एकत्र नांदत असते.

छिद्राचे माप सांगण्याची पद्धतही जुनी आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बसेल, ती बारा नंबरची नळी. तिचा व्यास ७२९ सहस्रांश इंच भरतो. इतक्या सूक्ष्म मापाच्या वस्तूवर हातात पॉलिशकागद घेऊन बसणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी.

एकोणिसाव्या शतकातील उत्तम नळ्या ‘दमास्कस’ या नावाने ओळखल्या जात. हे नाव दिशाभूल करणारे आहे. दमास्कसच्या तलवारी ज्या हिंदुस्थानी पोलादातून घडत, त्याचा या नळ्यांशी धातू म्हणून संबंध नाही. साम्य आहे ते केवळ पृष्ठभागावर उमटणाऱ्या लाटांचे. या नळ्यांसाठी लोखंडाच्या आणि पोलादाच्या पातळ सळ्या आळीपाळीने रचून भट्टीत एकजीव करीत. मग त्या तापल्या गजाला सुंभासारखा पीळ देत. असे दोन, तीन किंवा अधिक पिळलेले गज शेजारी ठेवून त्यांची एक पट्टी ठोकीत, आणि ती पट्टी लोखंडी दांड्याभोवती वेलीसारखी गुंडाळून वळ्यावर वळे तापवीत, ठोकीत सांधीत. शेवटी आम्लाचा हात दिला, की लोखंड आणि पोलाद निरनिराळ्या छटांनी उठून दिसत आणि नळीवर गुलाब, गाठी, कुरळ्या केसांची वळणे प्रकट होत. त्याही आधी इंग्लंडात घोड्याच्या नालांचे झिजलेले खिळे गोळा करून त्यांच्या लोखंडातून नळ्या करीत. टापांखाली ठोकले गेल्याने ते लोखंड चिवट होते, अशी त्यांची ख्याती होती.

बर्मिंगहॅम हे या धंद्याचे इंग्लंडातील माहेर, तर बेल्जममधील लिएज शहराच्या आसमंतात, व्हेद्र नदीच्या खोऱ्यातील नेसोंव्हो यांसारख्या गावांत, घरोघरी भट्ट्या पेटत. तेथील नळ्या बर्मिंगहॅमलाही जात आणि इंग्रज नावाच्या बंदुकांत बसत. भट्टीतल्या तापाचा अंदाज त्या लोहारांना केवळ रंगावरून घ्यावा लागे. ताप थोडा कमी पडला तर सांधा अर्धवट राही, थोडा अधिक झाला तर लोखंड जळून जाई. मधे कीट अडकले तर तयार नळीत करडा ठिपका उरे. एका नळीत असे शेकडो सांधे असत. त्यांतील एखाद्या सूक्ष्म फटीत ओल शिरली, तर बाहेरून नळी चकचकीत राहूनही आतल्या आत तिला गंज खात जातो. पिळाच्या नळीला ओल वर्ज्य का, याचे उत्तर या भट्टीत आहे.

अशी वस्तू विकत घेणाऱ्याने विश्वास कशावर ठेवावा? त्यासाठी पारखगृहे निघाली. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली. लिएजमध्ये १६७२ मध्ये राजाज्ञेने तपासणी सुरू झाली. बर्मिंगहॅमचे पारखगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. कच्च्या नळीत एकदा आणि तयार बंदुकीत पुन्हा एकदा, नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक दारू भरून ती सुरक्षित आडोशामागून उडवावयाची, आणि टिकली तरच तिच्यावर छाप मारावयाची, ही त्यांची पद्धत. नळ्यांच्या खालच्या अंगास दिसणारे मुकुटाचे व अक्षरांचे बारीक ठसे ते हेच. १८९० च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या पारखगृहात निरनिराळ्या जातींच्या नळ्या मुद्दाम फुटेपर्यंत तपासल्या गेल्या, तेव्हा पिळाच्या उत्तम नळ्या पोलादी नळ्यांच्या मागे पडल्या नाहीत. म्हणून ‘दमास्कस म्हणजे फुटकी’ हे जसे खरे नाही, तसे ‘एकदा पारखली म्हणजे कायमची पारखली’ हेही खरे नाही. छाप सांगते ती त्या दिवशीच्या नळीची गोष्ट. त्यानंतर कोणी आतून घासून जाडी उतरविली असेल, तर छाप तशीच राहते आणि नळी मात्र दुसरी झालेली असते. पारखगृहे बुडापासून नऊ इंचांवर छिद्राचा व्यास मोजतात तो यासाठीच.

आता धुण्या-पुसण्याच्या इतिहासाकडे वळले म्हणजे एक विलक्षण गोष्ट आढळते. ठासणीच्या बंदुकीच्या काळात मालकाला आणि नोकराला नळी साफ करण्याची जी रीत ठाऊक होती, ती पुढे शास्त्र पुढारल्यावर विसरली गेली, आणि त्या विस्मरणाने असंख्य नळ्या कुजल्या.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. तिची राख फार उरते. नोबल आणि एबल या दोघा संशोधकांनी बंद भांड्यात दारू उडवून १८७५ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार जळलेल्या दारूपैकी सुमारे ४३ टक्के भाग वायुरूप होतो आणि ५७ टक्के घनरूपाने मागे राहतो. हा मळ म्हणजे मुख्यतः पोटॅशचे क्षार; ते हवेतील ओल शोषतात आणि एका रात्रीत लोखंडावर तांबूस पुटे चढवितात. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून ठासणीच्या दुनळीच्या नळ्या दस्त्यापासून अलग करून त्यांची बुडे कढत पाण्याच्या बादलीत बुडवीत. गजाला तागाचे तंतू गुंडाळून तो पंपाच्या दट्ट्यासारखा वरखाली करीत. पाणी प्रथम काळे, मग राखाडी आणि शेवटी निर्मळ निघे. पाणी जितके कढत तितके नळी स्वतःच्या उष्णतेने लवकर वाळण्यास साह्य होई. वाळल्यावर तेल. पाणी आधी, तेल मागाहून, हा क्रम कोणी चुकवीत नसे.

कासिमिर लफोशे या फ्रेंच कारागिराने १८३० नंतरच्या दशकात मागून उघडणारी, काडतुसाची बंदूक केली आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर इंग्रज कारागीर तिच्याकडे वळले. सफाईच्या दृष्टीने ही क्रांतीच होती. आता नळीत आरपार पाहता येऊ लागले. प्रकाशाकडे धरून पाहिले की निर्दोष नळीत उजेडाची वर्तुळे एकाच्या आत एक अशी अखंड दिसतात. कोठे पोचा असेल तर तेथे वर्तुळ मोडते. गजही आता बुडाकडून घालता येऊ लागला. त्यामुळे तोंडाची नाजूक कड झिजणे थांबले.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिनधुराची दारू आली. तिने नळी जवळजवळ स्वच्छच राहते असे दिसले. शिकाऱ्यांनी बादली टाकून दिली आणि तेलाची चिंधी फिरवून समाधान मानले. परंतु काही दिवसांनी तेलाच्या थराखालीच गंजाचे ठिपके पडू लागले. कोणी नव्या दारूला दोष दिला, कोणी तेलाला, कोणी पोलादाला. हे कोडे १९२२ मध्ये अमेरिकेच्या खाणविषयक खात्यातील विल्बर्ट हफ या संशोधकाने उलगडले. अपराधी दारू नव्हतीच. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड होते, आणि हा क्षार मिठाचा सख्खा भाऊ आहे. तो तेलात विरघळत नाही. तेलाखाली दबा धरून बसतो आणि हवा दमट झाली की ओल खेचून लोखंड खातो. काळ्या दारूच्या दिवसांत तोही होताच. पण तेव्हा नळ्या पाण्याने धुतल्या जात, म्हणून तोही आपोआप धुऊन जाई. जुन्या नोकराच्या बादलीत जे शहाणपण होते, ते कारण न कळता टाकून दिले गेले आणि प्रयोगशाळेतून परत मिळविण्यास एक पिढी जावी लागली. याच दशकात जर्मनीत क्लोरेटविरहित टोप्या तयार झाल्या आणि हळूहळू त्या सर्वत्र रूढ झाल्या.

तेलाच्या इतिहासात या उपखंडाचा एक धागा आहे. वरच्या ब्रह्मदेशातील येनांजाउंग येथे हातांनी खणलेल्या विहिरींतून निघणारे खनिज तेल इरावती नदीतून रंगूनला येई आणि तेथून जगात जाई. बंदुकांसाठी वापरले जाणारे ‘रंगून तेल’ हे नाव इंग्रजी शिकारी ग्रंथांत आणि बंदुकीच्या पेटीतील लहान बाटल्यांवर वर्षानुवर्षे झळकत होते. एरंडेल, खोबरेल यांसारखी वनस्पतिज तेले हवेने दाट होऊन चिकटतात, त्यांत धूळ बसते. खनिज तेल तसे चिकटत नाही. म्हणून बंदुकीला स्वयंपाकघरातले तेल लावू नये, हा नियम.

आता धरण्याचा प्रश्न. पोचा काढणे, पट्टी बसविणे किंवा गंज उतरविणे यासाठी नळी स्थिर असावी लागते, आणि लोखंडी जबड्यांचा व्हाइस समोर असला की नळ्या त्यात आवळण्याचा मोह होतो. नेमके येथेच सर्वाधिक नुकसान झाले आहे. पाऊण मिलिमीटरहून कमी जाडीची भिंत जबड्याखाली अंडाकृती होते. फडके गुंडाळले तरी जोर तोच राहतो. दोन नळ्या दोन बाजूंनी दाबल्या की मधल्या कथलाच्या डाखावर ताण येतो आणि पट्टी केसभर सुटते. ती फट डोळ्यांना दिसत नाही; पण धुतलेले पाणी आणि गंज उतरविण्याचे द्राव त्यातून आत शिरतात आणि पुन्हा बाहेर येत नाहीत. वर्षभराने पट्टी उचलली जाते तेव्हा आत तांबड्या मातीचा पोकळ कोठा सापडतो.

म्हणून जुन्या कारखान्यांतील रीत निराळी होती. जोडी पकडावयाचीच झाली तर नळ्यांना पकडीत नसत; बुडाखालचा भरीव ठोकळा तांब्याच्या, शिशाच्या किंवा लाकडाच्या मऊ गालांमध्ये धरीत, किंवा काडतुसाच्या जागी निमुळती लाकडी खुंटी हलक्या हाताने बसवून ती खुंटी व्हाइसमध्ये देत. नळ्यांचे वजन मोकळे लोंबू न देता पुढे लोकरी कापड लावलेल्या लाकडी बैठकीवर टेकवीत. घरच्या साध्या सफाईला तर व्हाइसची गरजच नाही. दस्ता व पुढचे लाकूड काढून ठेवावे, जाड घडी केलेल्या घोंगडीवर जोडी आडवी ठेवावी, डाव्या हाताने बुडाजवळच्या जाड भागाशी धरावी आणि गज सरळ, बुडाकडून तोंडाकडे न्यावा. उभी धरावयाची असल्यास तोंड दगडी फरशीवर टेकवू नये. खाली लाकडाचा तुकडा ठेवावा.

डाख शाबूत आहे की नाही, हे पाहण्याची जुन्या कारागिरांची एक सुंदर कसोटी होती. नळ्यांची जोडी खालच्या आकड्याने दोरीला अधांतरी टांगावयाची आणि बोटाच्या पेराने हळूच टिचकी मारावयाची. सांधे अभंग असतील तर घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद येतो; पट्टी सुटलेली असेल तर आवाज बद्द येतो किंवा किणकिणतो. मडके घेताना ते वाजवून पाहणाऱ्या गृहिणीला ही कसोटी समजावून सांगावी लागणार नाही.

रंगाच्या बाबतीतही अज्ञान महाग पडते. जुन्या नळ्यांचा तपकिरी किंवा निळसर काळा रंग हा लेप नसून आवरलेला गंजच असतो: हलका गंज चढवावयाचा, उकळत्या पाण्याने तो स्थिर करावयाचा, तारेच्या मऊ कुंचल्याने खरवडावयाचा, आणि हे कित्येक वेळा करावयाचे. विसाव्या शतकातील कारखान्यांनी दाहक क्षारांच्या कढत द्रावात नळी बुडवून हा रंग थोडक्या वेळात आणण्याची युक्ती काढली. अखंड पोलादाच्या एकनळीला ती ठीक. परंतु डाखाच्या दुनळीत तो क्षार कथील-शिसे खातो, आणि एका दुपारच्या चकाकीपायी जोडीच विस्कटते. तसाच प्रकार पॉलिशकागदाचा. प्रत्येक हाताबरोबर जाडीतले सहस्रांश उतरतात आणि त्यांबरोबर पारखगृहाचे ठसेही. ठसे पुसलेली नळी ही कुलवृत्तान्त हरवलेल्या माणसासारखी होते. तिच्याविषयी काहीच खात्रीने सांगता येत नाही.

भारतात या सर्व विवेचनाला आणखी एक बाजू आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याची जागा १९५९ च्या कायद्याने घेतली. त्यानुसार बंदूक बाळगण्यास परवाना लागतो. धंदा म्हणून बंदूक दुरुस्त करणे वा तिची पारख करणे यासही परवाना लागतो. आणि नळी आखूड करणे परवान्यावाचून निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. दुसरीकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे युग संपविले, आणि ते योग्यच झाले. परिणाम असा, की आजोबांची दुनळी पुष्कळ घरांत परवान्यावर आहे, पण ती उडत नाही. जी वस्तू वापरात असते तिच्याकडे रोज कोणी पाहते. जी वापरात नसते ती पावसाळ्याच्या स्वाधीन होते. कोकणातील वा बंगालमधील चार महिने चामड्याच्या पेटीत बंद करून ठेवलेली नळी हमखास गंजते, कारण चामडे ओल धरून ठेवते आणि चामडे कमावण्याच्या द्रव्यांचा अंश त्यात असतो. घामाचे बोट उमटले तरी त्यातील मीठ पुरे होते. उघड्या हवेशी संबंध असलेले कुलूपबंद कपाट, हात लावल्यावर तेलाचे फडके, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला एक नजर, एवढीच तिची अपेक्षा असते.

सर्व नियमांच्या आधी येणारा नियम मात्र धातूशी संबंधित नाही. ‘रिकामी आहे’ असे समजून पुसावयास घेतलेल्या बंदुकीने घेतलेले बळी प्रत्येक देशात आहेत. तोंड माणसाकडे नाही अशा दिशेला धरावे, चापाला बोट लावू नये, नळ्या मोडून उघडाव्यात, दोन्ही घरांत डोळ्यांनी पाहावे आणि मगच दस्ता अलग करावा. काडतुसे त्या खोलीतच नसावीत. ठासणीच्या बंदुकीत तर डोळ्यांनी दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या भरलेली राहिलेली ठासणीची बंदूक ही कविकल्पना नव्हे. तिच्यात गज घालून खोली मोजण्याचे काम जाणत्या, परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. त्याचप्रमाणे जुनी नळी स्वच्छ झाली म्हणजे ती उडविण्यास योग्य झाली, असे मुळीच नाही. जुन्या अनेक नळ्यांचे घर अडीच इंची काडतुसाचे असते. आजचे पावणेतीन इंची काडतूस त्यात बसलेले दिसते, पण उडताना त्याचे तोंड उलगडण्यास जागा नसते आणि दाब अतोनात वाढतो. स्वच्छता वेगळी आणि पारख वेगळी.

महाराष्ट्रात शिकलगार हा शब्द अजून ऐकू येतो. हत्यारांना धार लावणे, त्यांना उजळा देणे हा त्या लोकांचा परंपरागत व्यवसाय. आणि कोणत्या पात्याला किती घासावे, यापेक्षा कोणत्या पात्याला अधिक घासू नये, हे ज्ञान त्यात मोलाचे होते. व्हेद्र नदीकाठच्या भट्ट्या पहिल्या महायुद्धानंतर हळूहळू विझल्या. अखंड पोलादाची नळी यंत्राने स्वस्तात आणि बिनचूक होऊ लागल्यावर हातांनी पिळलेल्या नळीला गिऱ्हाईक उरले नाही. तापाचा रंग ओळखणारी ती माणसे गेली. त्यांची पोथी कोणी लिहून ठेवलेली नाही. जे काही उरले आहे ते या नळ्यांच्या पिळात, डाखात आणि ठशांत. कोरड्या फडक्याने, हलक्या हाताने आणि योग्य जागी धरून पुसलेली एक जोडी आणखी शंभर वर्षे ही साक्ष देऊ शकते. व्हाइसचा एक जास्तीचा फेरा ती साक्ष कायमची बंद करण्यास पुरेसा आहे.